जुन्या छायाचित्रातील हवाई सैनिक कोण?

बहुतेक घरांतील जुन्या ट्रंकेत एखादे तरी असे छायाचित्र निघते, की त्यातील मनुष्य कोण हे कोणासही निश्चयाने सांगता येत नाही. आजीला विचारावे तर ती डोळ्यांवरचा चष्मा सारखा करून म्हणते, "माहेरच्या काकांपैकी कोणी असावे." पुढच्या पिढीत ह्या वाक्यातील 'असावे' हा शब्द गळून पडतो आणि 'काका' तेवढे शिल्लक राहतात. त्यापुढील पिढी छायाचित्राखाली नाव लिहून चौकट करून टाकते. येणेप्रमाणे एका म्हाताऱ्या बाईचा सहज केलेला तर्क पन्नास वर्षांत कुटुंबाचा इतिहास बनतो, आणि मग त्यावर शंका घेणे म्हणजे वडीलधाऱ्यांचा अवमान असे वाटू लागते.

छायाचित्रातील मनुष्य लष्करी पोषाखात असला म्हणजे हा मोह अधिक प्रबळ होतो. त्यातही तो हवाई दलातील असला तर विचारूच नये. कारण विमान म्हटले की आपणां सर्वांस ते उडवणाराच आठवतो. प्रस्तुत लेखात अशाच छायाचित्राचा विचार करावयाचा आहे. पण आधी एका अशा विमानवीराची हकीकत सांगतो, की ज्याचे नाव हरवले होते ते अक्षरांच्या गोंधळात.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलात अधिकारी वैमानिक म्हणून शिरलेले हिंदी तरुण बोटांवर मोजण्याइतके होते. रावळपिंडीचे हरदितसिंग मलिक हे पगडीवरून बसेल असे मोठे शिरस्त्राण करवून घेऊन उडत असत. ते युद्धातून वाचले व पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय ह्यांनी जुलै १९१८ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांच्या आत शत्रूची दहा विमाने पाडल्याची नोंद आहे. २२ जुलै रोजी ते पडले, तेव्हा त्यांस वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. एरॉल सेन हे सप्टेंबर १९१७ मध्ये जर्मनांच्या हाती सापडले. चौथे मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. पहिल्या तिघांविषयी थोडेबहुत लिहिले-वाचले जाते. आपल्या ह्या मराठी मुलखातील वैमानिकाचे नाव मात्र शाळेतील मुलांस सोडाच, शिक्षकांसही क्वचितच ठाऊक असते.

लेफ्टनंट वेलिणकर हे तेविसाव्या तुकडीत 'सॉपविथ डॉल्फिन' ह्या जातीचे विमान चालवीत. हे एकाच माणसाचे लढाऊ विमान. त्याच्या वरच्या पंखाच्या मध्यभागी मोकळी चौकट ठेवलेली असे, आणि वैमानिकाचे डोके त्या चौकटीतून वर निघे. त्यामुळे वरचे आकाश त्यास उत्तम दिसे. परंतु विमान उलटे होऊन जमिनीवर आदळले तर प्रथम आघात कोठे होणार, हे सांगावयास नको. २७ जून १९१८ रोजी वेलिणकर गस्तीवर गेले ते परत आले नाहीत. ते शत्रूच्या मुलखात जखमी होऊन पडले व ३० जून रोजी वारले. जर्मनांनी त्यांचे रीतसर दफन केले आणि वर खूण म्हणून क्रूस उभारला. शत्रूच्या मृतालाही नाव देण्याची ही माणुसकी त्यांनी दाखविली खरी. पण क्रुसावर जे नाव लिहिले गेले ते होते 'ओबरलॉयट्नंट एस. सी. वुम्कर'.

वुम्कर हे नाव इंग्रजीही नव्हे, जर्मनही नव्हे आणि मराठी तर नव्हेच. युद्ध संपल्यावर मुंबईस त्यांची माणसे मुलाची थडगी कोठे आहे ह्याची वाट पाहात होती, आणि फ्रान्समध्ये एका थडग्यावर ज्याचे जगात कोणीच नाही अशा माणसाचे नाव होते. कालांतराने शोध होऊन हा वुम्कर म्हणजेच वेलिणकर असे ठरले. आज उत्तर फ्रान्समधील हांगार ह्या गावच्या युद्धस्मशानात त्यांच्या खऱ्या नावाची शिळा उभी आहे.

आता वेलिणकरांचे वुम्कर कसे झाले असेल, हे मुलांनी स्वतः करून पाहावे. इंग्रजी जोडलिपीत 'वेलिणकर' हे नाव घाईघाईने लिहा. पहिल्या 'डब्ल्यू'नंतर 'ई' आणि 'एल' ही अक्षरे येतात. त्यांचे फासे नीट पडले नाहीत तर नुसत्या दोन उभ्या रेघा उरतात. आणि जोडलिपीत दोन रेघा म्हणजे 'यू'. त्यापुढे 'आय'ची एक रेघ व 'एन'च्या दोन, मिळून तीन. तीन रेघा म्हणजे 'एम'. शेवटची 'के', 'ए', 'आर' ही अक्षरे जशीच्या तशी राहतात. म्हणजे लिहिणाऱ्याने आपल्याकडून काहीच पदरचे घातले नाही. त्याने रेघा बरोबर मोजल्या. फक्त त्या कोणत्या अक्षराच्या हे त्यास कळले नाही, कारण असे नाव त्याने जन्मात ऐकलेले नव्हते. मोडीतील जुने कागद ज्यांनी वाचले आहेत त्यांस ह्या अडचणीची पुरी कल्पना येईल. त्यात भर म्हणजे आपले 'श्रीकृष्ण' हे एकच नाव इंग्रजीत 'श्री' व 'कृष्ण' असे तोडून लिहिलेले आढळते; मग याद्यांतून माणूस कोणत्या अक्षराखाली शोधावा हाही प्रश्नच.

ह्या उदाहरणावरून शोधाची रीत कळते. नाव जुळत नसताही हुद्दा जुळतो काय, हे पाहावे. जर्मन 'ओबरलॉयट्नंट' हा आपल्या लेफ्टनंटाच्या बरोबरीचा. मरणाची तारीख व बेपत्ता झाल्याची तारीख ह्यांत मेळ बसतो काय, विमान पडले त्या मुलखाशी थडग्याचे ठिकाण मिळते काय, आणि त्या दिवसांत त्या भागात हरवलेला असा दुसरा कोणी आहे काय, हे पाहावे. एका पुराव्याने काहीच सिद्ध होत नाही. तीन-चार पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र असून एकाच माणसाकडे बोट दाखवू लागले, म्हणजे मग नाव उच्चारावे.

ज्यांची नावे अशी परत मिळाली नाहीत त्यांची संख्या थोडी नाही. पहिल्या महायुद्धात पश्चिम रणभूमीवर पडलेल्या व थडगे ठाऊक नसलेल्या सुमारे हजार हवाई सैनिकांची नावे फ्रान्समधील आरास येथील स्मारकावर कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातील अशांसाठी इंग्लंडमध्ये रनीमीड येथे १९५३ साली स्मारक झाले, त्यावर वीस हजारांहून अधिक नावे आहेत. ही झाली थडग्याविना नावे. उलट, नावाविना जी थडगी आहेत त्यांच्या शिळांवर 'केवळ देवास ठाऊक' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोरतात. हे शब्द रडयार्ड किपलिंग ह्यांनी निवडले. किपलिंगांचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. आणि त्यांचा स्वतःचा मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता व त्यांच्या हयातीत त्याचे थडगे सापडले नाही. त्या बापाने हजारो अनोळखी शिळांपैकी कोणत्याही एकीवर आपल्या मुलाचे नाव घालून मनाचे समाधान करून घेतले नाही, ही गोष्ट मला फार विचार करण्याजोगी वाटते.

आता छायाचित्राकडे वळू. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीमधील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतात. त्यांनी पोस्टकार्डाएवढे एक छायाचित्र शाळेत आणून दिले. स्टुडिओतील रंगवलेला पडदा, त्यापुढे एक तरुण उभा, डोक्यावर तिरपी टोपी, अंगात लष्करी सदरा. घरात अशी समजूत, की हे पणजोबांचे बंधू असून दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. छायाचित्र मोठे करून चौकटीत बसवावे व तेच ह्या वार्षिक अंकात 'सोलापूरचा वैमानिक' म्हणून नावानिशी छापावे, अशी त्यांची इच्छा होती. इच्छा अगदी स्वाभाविक होती. दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभ्या राहणाऱ्या मनुष्यास आपल्या कुळातील कोणी आकाशात उडाला होता असे मुलाला सांगावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय?

वर्गात आम्ही बहिर्गोल भिंग घेऊन बसलो. मी मुलांस एकच अट घातली होती: प्रथम जे दिसते ते सांगा, जे वाटते ते मागाहून. एकाने टोपीवरील बिल्ल्यात मुकुट आहे असे सांगितले. मुकुट म्हणजे राजाचा काळ. अर्थात २६ जानेवारी १९५० च्या पूर्वीचा. दुसऱ्याने बाहीवर 'पंखा' आहे असे सांगितले. तो पंखा म्हणजे विमानाच्या पुढील दोन पात्यांचा प्रोपेलर होता. छातीवर डाव्या खिशाच्या वर काय आहे असे मी विचारले, तेव्हा सर्वांनी आळीपाळीने भिंगातून पाहिले आणि काहीच नाही असे सांगितले. मुलाचे वडील त्या दिवशी वर्गात मागे बसले होते. ते पुढे आले, भिंग घेतले आणि म्हणाले, "सर, हे कापड तिरप्या विणीचं आहे. ड्रिल. रेघा बघा कशा खाली उतरतात." उष्ण देशांतील सैनिकांस खाकी ड्रिलचा पोषाख असे, ह्या ज्ञात गोष्टीशी त्यांचे निरीक्षण तंतोतंत मिळाले. भिंगातून वीण ओळखणे हे माझ्याकडून झाले नसते.

आता ह्या खुणांचा अर्थ. वैमानिकाची खूण म्हणजे पसरलेले दोन पंख. ते डाव्या खिशाच्या वर शिवलेले असतात. निरीक्षक, तोफची इत्यादी इतर उडणाऱ्यांस एकच पंख असतो. बाहीवरील प्रोपेलर ही मात्र उडण्याची खूण नव्हे. ती 'लीडिंग एअरक्राफ्ट्समन' ह्या हुद्द्याची खूण आहे, आणि ह्या हुद्द्याचा मनुष्य बहुधा जमिनीवर राहून इंजिन, सांगाडा, बिनतारी यंत्र किंवा दारूगोळा ह्यांची निगा राखी. बिनतारी यंत्रावरील माणसास मुठीत धरलेल्या विजेची निराळी खूण मिळे. ती ह्या बाहीवर नव्हती.

हे ऐकून ते गृहस्थ थोडा वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ते विमान उडवत नव्हते?"

मी म्हटले, "ह्या पोषाखावरून तरी नाही. पण तुमच्या कारखान्यात माग बिघडला तर कोणास हाक मारता?"

"जॉबरला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने स्वतःच हसले.

मुलांस मी काही आकडे दिले. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. १९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा त्यात अवघे १६ अधिकारी होते, बाकी इतर माणसे. ह्या इतरांस तेव्हा 'हवाई सिपाही' म्हणत. युद्ध संपेपर्यंत संख्या सुमारे २८,५०० झाली व त्यांत अधिकारी सुमारे १,६०० होते. म्हणजे एका अधिकाऱ्यामागे जवळजवळ सतरा माणसे, आणि अधिकारी तरी सगळेच उडणारे कोठे होते! तेव्हा हवाई दलातील पूर्वजाचे छायाचित्र घरात सापडले, तर तो जमिनीवरील कारागीर असण्याचाच संभव मोठा. वैमानिकाच्या गळ्यात हार घालताना ज्यांच्या हाताला तेल लागले होते त्या सतरांस आपण वगळतो, ही माझी जुनी तक्रार आहे. त्यांची नावे स्मारकांवर क्वचितच येतात, कारण ते बहुधा मरत नसत. आणि घरी येऊन ते बहुधा काही बोलतही नसत.

येथवर हुद्द्याचा निर्णय झाला. नावाचा झाला नाही. चौकशीअंती असे कळले, की पणजोबांना दोन धाकटे भाऊ होते व दोघेही 'लढाईवर गेले होते' असे घरात सांगत. छायाचित्रातील तरुण त्यांतील कोणता? चेहऱ्यावरून ठरवावे असे कुटुंबातील पुष्कळांचे मत पडले. कोणास नाक एकासारखे वाटले, कोणास हनुवटी दुसऱ्यासारखी. चेहऱ्याचे साम्य हा सर्वांत मोहक आणि सर्वांत कच्चा पुरावा होय. सख्ख्या भावांत तर तो निरुपयोगीच समजावा. त्यातल्या त्यात कानाची घडण अधिक विश्वासाची. पण त्यासाठी त्याच माणसाचे खात्रीचे दुसरे छायाचित्र हवे, आणि ते येथे नव्हते. पाठीवर स्टुडिओचा रबरी शिक्का होता, तोही अर्धा पुसलेला, तारीख नाही. अशा वेळी सैनिकाचा सेवाक्रमांक असलेला एखादा कागद, पेन्शनचे पुस्तक, पदकाची चिठ्ठी, घरी पाठविलेले पत्र ह्यांचा शोध करावा लागतो, व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे लागते. तो शोध चालू आहे. तोपर्यंत छायाचित्र ह्या अंकात छापलेले नाही, आणि पाकिटावर एवढेच लिहिले आहे: 'हवाई दलातील लीडिंग एअरक्राफ्ट्समन, १९५० पूर्वी, दोन भावांपैकी एक असण्याचा संभव.' हे शब्द त्या गृहस्थांनी स्वतः लिहिले. चुकीच्या भावाचे नाव घातले असते तर एकाला न केलेल्या नोकरीचा मान मिळाला असता व दुसऱ्याचे अस्तित्वच आपल्या हाताने पुसले गेले असते.

अशा परीक्षेत आणखी काही फसवणुकी संभवतात. काचेची निगेटिव्ह उलटी धरून छापली, तर सगळे चित्र आरशातल्यासारखे उलटे येते. पंख उजव्या छातीवर दिसले, किंवा पुरुषाच्या सदऱ्याची उजवी बाजू डावीवर आलेली दिसली, तर प्रथम हा संशय घ्यावा. समुदायाच्या छायाचित्रात ह्याचा परिणाम फार वाईट होतो. आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले त्या पथकात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी. अशा पाचांच्या रांगेखाली 'डावीकडून उजवीकडे' म्हणून नावे दिली असून चित्र उलटे छापले गेले, तर मधला तेवढा बरोबर राहील आणि बाकीचे चौघे दुसऱ्याच्या नावाने ओळखले जातील.

रंगाविषयीही सावध असावे. जुन्या काळच्या पुष्कळ काचा व फिल्मा तांबड्या रंगाला आंधळ्या असत व निळ्याला फार हळव्या असत. त्यामुळे तांबडे ते काळे उमटे आणि निळे ते फिकट. पदकाच्या फितीतील पट्टे नुसत्या करड्या छटांवरून ओळखू जाणारे येथेच ठेचकाळतात; निळसर पोषाख फिकट खाकीसारखा दिसतो तो ह्याच कारणाने. हुद्द्यांच्या नावांकडेही लक्ष असू द्यावे. इंग्रजांचे हवाई दल १ एप्रिल १९१८ रोजी स्वतंत्र झाले तेव्हा त्यातील हुद्दे भूदलाचेच होते, म्हणून वेलिणकर 'लेफ्टनंट'. 'फ्लाइंग ऑफिसर', 'फ्लाइट लेफ्टनंट' ही नावे ऑगस्ट १९१९ पासूनची. तेव्हा १९१८ च्या म्हणून सांगितलेल्या छायाचित्राखाली 'फ्लाइट लेफ्टनंट' असे असेल, तर ते लिहिणारा मागाहूनचा समजावा. आमच्या भारतीय दलास 'रॉयल' हे उपपद मार्च १९४५ मध्ये लागले व प्रजासत्ताकाबरोबर गेले. ही सुद्धा काळ ठरविण्याची चांगली खूण आहे. आणि छायाचित्रात मागे विमान दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. जत्रेतील फोटोवाल्याकडे पुठ्ठ्याचे विमान असे, त्यात बसून हात हालविणारे आमचे कित्येक आजोबा आगगाडीत सुद्धा फारसे बसलेले नव्हते.

हल्लीचा एक धोका मात्र ह्या सर्वांहून मोठा आहे. मोबाइलमधील यंत्र अंधूक छायाचित्र क्षणात स्वच्छ करून देते, त्यास रंगही चढविते. पाहणाऱ्यास वाटते की धूळ पुसून खरा चेहरा बाहेर आला. वस्तुतः जेथे मूळ चित्रात काहीच उरले नाही तेथे यंत्र इतर हजारो चेहऱ्यांवरून शोभेल असा चेहरा रचून भरते. डोळ्यांत चमक येते, बिल्ल्यावर नक्षी येते, प्रसंगी छातीवर पंखही फुटतात. असे चित्र कौतुकाने भिंतीवर लावण्यास माझी हरकत नाही. पण परीक्षेस मूळ कागदच घ्यावा, आणि मूळ कागद कधीही टाकून देऊ नये.

पालकांस एक विनंती. ह्या सुटीत घरातील जुनी छायाचित्रे काढाल तेव्हा ती ओल्या फडक्याने पुसू नका, व वहीत गोंदाने चिकटवू नका. पाठीवरील मजकूर कायमचा जातो. घरातील सर्वांत वृद्ध मनुष्यास एकेक छायाचित्र हाती देऊन 'हे अमुकच ना?' असे विचारू नका, 'हे कोण?' असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ते 'असावे' म्हणाले तर 'असावे' हा शब्दही लिहून घ्या. कोणी सांगितले व कोणत्या दिवशी, हे पाठीमागे कडेला मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहावे, शाईने नव्हे.